ग्रुपवर टाकलंय

‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ही ओळ येऊन उद्या तीन आठवडे होतील. निमित्त एका प्रश्नाचं. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहतात, सगळ्या इमारतीच्या मावशी. त्यांनी विचारलं, ‘मे महिन्यात टँकर रोज दोन आले, बिलात तीन कसे?’ तिघांनी अंगठा दाखवला. एकाने पावत्या मागितल्या. अकराव्या मिनिटाला कुलूप पडलं.

उत्तर आलं नाही. प्रश्न मात्र अजून तिथेच आहे, रोज सगळ्यांना दिसतो.

अ‍ॅडमिनच्या हाती व्हॉट्सअ‍ॅपने हे कुलूप दिलं 2018च्या जूनअखेरीस. त्याची गरज होती. शाळेने ‘उद्या सुट्टी’ कळवायचं आणि खाली दीडशे पालकांनी ‘ओके सर’ लिहायचं, यात मूळ सूचना वाहून जात असे. शाळेला ते कुलूप जरूर असावं. पण सोसायटीचे सभासद म्हणजे कुणाचे विद्यार्थी नव्हेत. टँकरचे पैसे त्यांच्या खिशातून जातात.

नवं फीचर आलं की फोनवाली मंडळी काय काय करता येतं ते कौतुकाने दाखवतात. मी विचारते, कुणाला करता येतं? प्रत्येक अपडेटबरोबर ग्रुपमधली थोडी सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. कारण ही वाटणी कुठल्या सभेत मांडलेली नसते. रात्री फोन चार्जिंगला लावतो, सकाळी नियम बदललेला असतो.

आणि अ‍ॅडमिन कोण? सोसायटीच्या कमिटीची दर पाच वर्षांनी निवडणूक होते. ग्रुपच्या अ‍ॅडमिनची होत नाही. ज्याने पहिल्यांदा ग्रुप काढला तो अ‍ॅडमिन, आणि तो ज्याला करील तो दुसरा. आमच्याकडे दोन कमिट्या बदलल्या. अ‍ॅडमिन तेच. त्यातले एक गृहस्थ फ्लॅट विकून कधीच गेले, पण आमच्या ग्रुपचं कुलूप उघडायची ताकद आजही त्यांच्या अंगठ्यात आहे. मावशींच्या अंगठ्यात नाही.

पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत बदलायची सोय 2023च्या मे महिन्यात आली. शुद्धलेखन सुधारायला उत्तम. पण बदललेल्या मेसेजखाली ‘एडिटेड’ एवढंच दिसतं, आधी काय होतं ते दिसत नाही. वार्षिक सभेची सूचना उपविधींप्रमाणे पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते. कागदावरच्या सूचनेवर तारीख खोडली तर खाडाखोड राहते, शाईचा डाग बोलतो. इथे पंधरा मिनिटांत तारीखही बदलेल आणि डागही राहणार नाही. म्हणून सूचना कागदावर हवी, सही-शिक्क्यासह. ग्रुपवर तिचा फोटो खुशाल टाका.

दुसऱ्याचा मेसेज पुसायचा अधिकार अ‍ॅडमिनला मिळाला 2022मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं होतं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. तेव्हा अ‍ॅडमिनच्या हाती माणूस ग्रुपमध्ये घेणं, काढणं आणि कुलूप लावणं एवढंच जवळजवळ होतं. आता पुसायचंही हाती आलं. अधिकार वाढला, त्याबरोबर जबाबदारी किती वाढली हे ज्याच्या हाती तो दिला त्याला कुणी सांगितलं नाही. एक गोष्ट चांगली केली आहे : मेसेज कुणी पुसला त्या अ‍ॅडमिनचं नाव तिथे राहतं. पुसणाऱ्याचं नाव राहायलाच हवं.

पण ज्या अपडेटबद्दल बोलल्याशिवाय हा विषय काढूच नये, ते वेगळंच आहे.

कुलूप आलं त्याच आठवड्यातली गोष्ट. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हा मेसेज त्याआधीच या फोनवरून त्या फोनवर फिरून पोचला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकलं. पाचही जणांना.

मारणारे हात माणसांचे होते. ते पाप यंत्राच्या माथी मारून कुणाला मोकळं होता येणार नाही. पण ती अफवा कुणी पहिल्यांदा लिहिली हे वाचणाऱ्याला कळायची काही सोय नव्हती. काकाने पाठवलं, मित्राने पाठवलं, म्हणजे त्यांनाच ते माहीत असणार, असं वाटे. ‘फॉरवर्डेड’ हा शिक्का मेसेजवर दिसू लागला तो त्या जुलैत. पुढे पाठवायचं बटण कितीतरी आधीचं. पुढे ढकलायचं बटण आधी दिलं आणि हे पुढे ढकललेलं आहे हे सांगणारा शिक्का नंतर आला. हा क्रम उलटा असता तर? मी हा प्रश्न सोडायला तयार नाही.

त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर झाली. 2019च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. 2020च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या अफवांच्या दिवसांत, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि थोड्याच दिवसांत कंपनीने सांगितलं की असे मेसेज 70 टक्क्यांनी घटले. एक अडथळा घातला, आणि एवढा फरक. माझ्या लेखी आजवरचं सगळ्यांत मोलाचं अपडेट हेच, कारण त्याने हात क्षणभर थांबवला. त्याला चमक नाही, रंग नाही. कौतुकाने कुणी ते कुणाला दाखवत नाही.

आता नंबरांचं. 2022मध्ये ग्रुपची मर्यादा 256वरून आधी 512 आणि मग 1024वर नेली. भरलेल्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर 1023 जणांसमोर उघडा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना कुणीतरी न विचारता ‘बी विंग कामवाल्या’ अशा ग्रुपमध्ये टाकलं. आठवड्यात रात्री साडेअकराला अनोळखी माणसाचे ‘हाय’ सुरू झाले. त्यांनी फोन बंद ठेवायला सुरुवात केली, आणि शाळेतून मुलाचा फोन लागेना. आपल्याला ग्रुपमध्ये कुणी घ्यायचं हे ठरवायची सोय 2019च्या एप्रिलपासून आहे. सेटिंग, प्रायव्हसी, ग्रुप्स. पण ती मुळात ‘सगळे’वर असते. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाही. मी ताईंच्या शेजारी बसून अ‍ॅप मराठीत करून दिलं, ते सेटिंग बदलून दिलं. दोन मिनिटं लागली. 2022च्या नोव्हेंबरात आलेल्या, अनेक ग्रुप एकत्र जोडणाऱ्या ‘कम्युनिटी’त दुसऱ्या ग्रुपमधल्या लोकांना तुमचा नंबर दिसत नाही. हे रास्त आहे, आणि हीच काळजी साध्या ग्रुपमध्येही घेतली पाहिजे.

‘ग्रुपवर टाकलंय’ हे चार शब्दांचं काम दोन शब्दांत उरकणारं उत्तर झालंय. पाणी कधी येणार? ग्रुपवर टाकलंय. लिफ्ट का बंद? ग्रुपवर टाकलंय. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांकडे बटणांचा फोन आहे. परवा टाकी धुवायची म्हणून दिवसभर पाणी बंद होतं. सूचना ग्रुपवर होती. आजोबांनी दुपारी एक वाजता दार उघडून वॉचमनला विचारलं, तेव्हा घरात अर्धी कळशी होती. तळमजल्यावरचा सूचना फलक रिकामा होता, काचेला कुलूप, किल्ली सापडत नव्हती.

माझी मागणी एकच आहे. मेसेज आपोआप नाहीसे व्हायला मुदत लावता येते : 24 तास, 7 दिवस, 90 दिवस. मग बोलण्याला मुदत आणि कुलपाला का नाही? भांडण पेटलं, शिवीगाळ झाली, लावा कुलूप. पण चोवीस तासांनी ते आपलं आपण उघडलं पाहिजे, आणि पुन्हा लावायचं तर अ‍ॅडमिनने कारण लिहिलं पाहिजे. बनवणाऱ्यांना हे अवघड नाही. तोवर आपल्या सोसायटीच्या सभेत तरी ठराव करून घ्या : अ‍ॅडमिन कोण, किती दिवस, आणि कुलूप कशासाठी.

मावशींनी ठरावाची वाट पाहिली नाही. वहीचा कागद फाडला, ठळक अक्षरात टँकरचा तोच प्रश्न लिहिला, लिफ्टच्या दाराशेजारी चिकटवला आणि दोऱ्याने एक बॉलपेन बांधलं. पहिल्या दिवशी कागद तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली तीन निरनिराळी हस्ताक्षरं होती. एक आजोबांचं, थरथरतं : ‘गॅलरीतून रोज मोजतो. दोनच.’