बर्फावरचा बैल

मिनेसोटात बर्फातल्या मासेमारीसाठी स्नोमोबिल लागतेच असं नाही. देवाने दिलेले दोन पायही चालतात. चार इंच स्वच्छ, टणक बर्फ असला की तलावावर चालत जायला हरकत नाही, असं राज्याचं निसर्गसंपदा खातं सांगतं. पुढे बर्फ दीड-दोन फुटांचा झाला की लोक पिकअप ट्रक घेऊन तलावाच्या मध्यावर जातात आणि तिथे खोपट्यांचं गावच वसवतात. अडचण अधल्यामधल्या दिवसांची. बर्फ पायांना पुरेसा, ट्रकला कच्चा. आणि वॉलआय हा इथला लाडका मासा नेमका त्याच दिवसांत उत्तम लागतो, असं प्रत्येक जाणकार शपथेवर सांगतो. पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या स्नोमोबिलला पाच ते सात इंच बर्फ पुरतो. झालं, स्नोमोबिल घ्यायच्या हौसेला कारण मिळालं.

कायद्याचीही आडकाठी नव्हती. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांनी इथे स्नोमोबिल चालवण्याआधी सुरक्षा प्रशिक्षण घ्यायचं असतं. त्याआधी जन्मलेले आम्ही उपजतच शहाणे, असं सरकारचं मत आहे. घरच्यांचं नाही.

माझ्या गरजा साध्या. बर्फाला भोक पाडायचं ऑगर, कापडी तंबू, छोटा हीटर, गळ, जिवंत आमिषाची बादली, चहाचा थर्मास आणि एक पोट सुटलेला माणूस, एवढं सगळं एका भोकाशी नेऊन पोचवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. मधले पाच-सहा तास यंत्राला आणि माणसाला, दोघांनाही काही काम नाही. दुकानातला तरुण मात्र अश्वशक्तीपासून सुरू झाला. मग उडी मारल्यावर झटका कसा जिरतो ते सांगितलं. मी विचारलं, "हिला रिव्हर्स आहे का? मागे सामानाची घसरगाडी जोडता येते का?" त्याचा चेहरा जरा उतरला. शर्यतीचा बैल दाखवत असताना गिऱ्हाइकाने नांगराची चौकशी करावी, तसं त्याला वाटलं असणार. मग त्याने कोपऱ्यातल्या, ज्यांचे कुणी फोटो काढत नाही अशा गाड्यांकडे नेलं: रुंद पट्ट्याच्या, उंच काचेच्या, मालवाहू.

खरं तर या यंत्राचा मूळ वंश नांगराचाच. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासनला पायाच्या व्यंगामुळे मित्रांबरोबर बर्फात चालणं जमेना, म्हणून त्याने १९२४ मध्ये लाकडी घसरगाडीला होडीचं इंजिन बसवलं. उत्तर मिनेसोटातल्या रोझो गावी १९५६ मध्ये शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात, मालकांपैकी एडगर हेटीन बाहेरगावी गेलेला असताना, मागे राहिलेल्यांनी धान्य वाहायच्या यंत्राचा पट्टा आणि शेव्हर्लेच्या बंपरच्या स्की लावून एक गाडी जुळवली. हेटीन परतला तो चिडला. पगार भागवायला ती गाडी ४६५ डॉलरला विकली. पोलारिस कंपनीची ही पहिली स्नोमोबिल. कुणालाही उड्या मारायच्या नव्हत्या. दमून न जाता रानात पोचायचं, एवढाच सगळ्यांचा हेतू. उड्या नंतर आल्या, आणि किमतीही त्यांच्याबरोबर उडाल्या.

सगळ्यात घोळ इंजिनाचा. साताऱ्याहून मेहुण्याने फोनवर पहिला प्रश्न टाकला, "दाजी, ॲव्हरेज काय देते?" त्याला म्हटलं, चार स्ट्रोकची कमी पिते, आवाजही कमी, पण जड. दोन स्ट्रोकची हलकी, पण पेट्रोलबरोबर ऑइलही पिते, आणि तिचा वास हातमोज्यांना लागला की आमिषालाही लागतो. मासा नाक मुरडतो म्हणतात. मेहुणा म्हणाला, "मग घेताय कशाला?"

पण खरी गंमत इंजिन थंड ठेवण्याची. नव्या, ताकदवान गाड्यांचा शीतक द्रव सीटखालच्या बोगद्यातून फिरतो, आणि पट्टा जो बर्फाचा भुगा वर उडवतो त्याने तो गार होतो. वाऱ्याने बर्फभुगा झाडून नेला की तलाव आरशासारखा उघडा पडतो. मग पट्ट्याला उडवायला काही राहत नाही. बाहेर उणे पंचवीस, माणसाच्या मिशांवर बर्फ, आणि गाडी मात्र तापली म्हणून थांबलेली! त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगच्या तारा लावतात. त्या बर्फ खरवडत जातात आणि चुरा वर उडवतात. पंख्याने गार होणाऱ्या साध्या इंजिनाला हे नखरे नसतात. आवाज मोठा, ताकद बेताची. तलावाच्या कामाला मी त्यालाच मत देतो.

दुसरी भानगड रबडीची. म्हणजे पाण्याने भिजलेल्या बर्फाची. भरपूर बर्फ पडला की त्याच्या भाराने तलावाचा गोठलेला थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि वरच्या बर्फाच्या दुलईखाली न गोठता लपून राहतं. वरून सगळं पांढरंशुभ्र. गाडी त्यात शिरली की अंगठा ॲक्सिलरेटरवरून काढायचा नाही, काढला की ती रुतली. रुतलेली रात्रभर राहिली तर सकाळी ती तलावाचीच. इथे माहितीपत्रकातला एकच आकडा कामाचा, वजनाचा. रुंद पट्ट्याची चार स्ट्रोकची गाडी तीनशे किलोच्या पुढे जाते. कोरड्या भुग्यावर ती राणीसारखी तरंगते, पण एकदा रबडीत बसली की तिला उठवायला चार पहिलवान लागतात. आम्हा मासे पकडणाऱ्यांत पहिलवान कमी आणि गुडघे बदललेले जास्त.

म्हणूनच शेजारच्या आजोबांची जुनी स्की-डू एलान बघून माझा जीव जळतो. १९७१ पासून १९९६ पर्यंत निघालेलं हे अडीचशे सीसीचं बाळ, वजन दीडशे किलोच्या आत. आजोबा चोक ओढतात, दोरीला दोन हिसके देतात, निळा धूर निघतो आणि ती टरटरू लागते. पट्ट्यात बर्फ गोठला तर मागचा बंपर धरून शेपटी उचलतात आणि दाणकन आपटतात. एका हातात तेव्हाही कॉफीचा कप असतो. इलेक्ट्रिक स्टार्ट नाही, रिव्हर्स नाही. वळवायची तर खाली उतरून मागची बाजू उचलून फिरवायची, हाच रिव्हर्स.

सौ.चा मुद्दा वेगळाच आहे. "अहो, रेड लेकच्या ओजिब्वे आदिवासींनी पकडलेला वॉलआय साफ करून, काटे काढून दुकानात मिळतो. नाकापेक्षा मोती जड करून कशाला ठेवायचा?" माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त एवढंच म्हणालो, की दुकानातला मासा ओढायला स्नोमोबिल लागत नाही.

तूर्त यादीत पंख्याच्या इंजिनाची एक हलकी नवी गाडी आहे. पण तिच्या आधी आजोबांना एकदा विचारून पाहिलं, एलान विकता का. "नाही," ते म्हणाले, "ती मुलासाठी ठेवलीय." मुलगा गेली कित्येक वर्षं फ्लोरिडात असतो.