निशाणी नांगर

घोरावाडी स्टेशनात सकाळची पुण्याकडची लोकल शिरते तेव्हा चढणाऱ्या बहुतेकांच्या हातात जेवणाचा डबा असतो. आमच्या नानांच्याही असतो. पण त्यांच्या काखेत शिवाय लाल फडक्यात बांधलेलं एक बोचकं असतं. त्याला बोचकं म्हटलेलं त्यांना खपत नाही. ‘रुमाल’ म्हणायचं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सगळे जुने कागद रुमालात बांधून ठेवतात, म्हणून नानांचेही रुमालातच. शेजारच्या एखाद्या पोराने सहज विचारावं, “काय हो काका, साड्या का?” की देहूरोड येईस्तोवर नाना पणजोबांपर्यंत पोचतात, चिंचवडला खापरपणजोबा निघतात आणि खडकी यायच्या आत ते पोरगं दुसऱ्या डब्यात गेलेलं असतं.

पेन्शनीत निघाल्यावर मावळातली माणसं एकतर वारीला लागतात, नाहीतर प्लॉटच्या दलालीला. देहूरोडच्या डेपोतली कारकुनी संपवून नाना वंशावळीला लागले. हा काही त्यांच्या एकट्याचा आजार नव्हे. दर चार गावांत असा एक तरी गृहस्थ सापडतोच. त्याला नातवाचं नाव पटकन आठवत नाही, पण सात पिढ्यांपूर्वीच्या चुलत घराण्यात कोण निपुत्रिक वारला ते तोंडपाठ असतं. गावाने नानांना मागे ‘खापरनाना’ असं नाव पाडलंय. नानांना ते ठाऊक आहे. त्यांची तक्रार एवढीच की नोंद अपुरी आहे, मधली एक पिढी राहिली.

एकदा या कागदात माणूस शिरला की त्याची बोलीच बदलते. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर माणूस मेला, किंवा त्याने जमीन विकली, की तलाठी त्याच्या नावाला कंस करायचा. त्यामुळे नानांच्या तोंडी कुणी मरत नाही, कंसात जातो. थोरल्या मुलाला ते ‘एकुमॅ’ म्हणून हाक मारतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचं नाव लागायचं, त्याचं हे फेरफारातलं लघुरूप. बायकोचा उल्लेख ‘इतर हक्कात’. या रकान्यात बहिणींची, विधवांची नावं आणि सोसायटीचा बोजा शेजारीशेजारी नांदतात. काकूंना हे कळल्यापासून नानांना चहा दुसऱ्या हाकेला मिळतो. मागे एका घरी भेटायला गेले होते. दहावाही झाला नव्हता. नाना हात जोडून म्हणाले, “अण्णा कंसात गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. वारसनोंदीचं तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, विसरू नका.” त्या घरची माणसं रडायची थांबली, हे खरं.

नानांच्या घरात पिढ्यानपिढ्या एक गोष्ट चालत आली होती. मूळपुरुष तळेगावच्या दाभाड्यांच्या फौजेत होता आणि १७३१ साली डभईच्या रणात सेनापती त्र्यंबकराव बाजीरावाशी लढताना पडले, त्यांच्या घोड्याशेजारीच हाही पडला. तळेगाव हे शेजारचंच स्टेशन, त्यामुळे या भागात डभईला न पडलेला मूळपुरुष शोधूनही मिळायचा नाही. एवढे पडले असतील तर लढाई लढलं कोण, असा प्रश्न मला लहानपणापासून आहे. नाना ती गोष्ट कागदावर आणायला निघाले. आजोबा फेरफाराच्या वहीत निघाले, पणजोबा हक्कनोंदणीत. १९०३च्या कायद्याने ही हक्कनोंदणी सुरू झाली, त्याच्या मागे गेलं की मोडी लागते. नाना साठी उलटल्यावर मोडी शिकले. आता ते किराण्याची यादीही मोडीत करतात आणि वाण्याला ती वाचता येत नाही म्हणून नाना स्वतःच जाऊन वाचून दाखवतात.

अखेर मूळपुरुष सापडला. डभईनंतर बारा वर्षांनी. एका सावकाराकडून कर्ज घेताना.

दुसऱ्या कुणाचं अवसान गळालं असतं. नाना तो झेरॉक्स घेऊन ओट्यावर आले आणि म्हणाले, “मेल्यावर बारा वर्षांनीसुद्धा ज्याला सावकार उसनं देतो, त्याची पत काय असेल बघा!”

तो झेरॉक्स मी पाहिलाय. मोडीच्या ओळी डोक्यावरची रेघ आधी ओढून तिला लोंबल्यासारख्या लिहिलेल्या, शब्दाशब्दांत फट नाही, आणि तळाशी नावापुढे काड्यांनी काढल्यासारखं छोटं चित्र. सहीच्या जागी कुणब्याने नांगर काढायचा, सुताराने किंकरं, न्हाव्याने आरसा. प्रत्येकाचं हत्यार हीच त्याची सही. ‘निशाणी नांगर’ असं त्यापुढे लिहायचं. आमच्या मूळपुरुषाच्या नांगराचं रुमणं जरा उजवीकडे कललंय. एवढ्यावरून तो डावखुरा होता असं नानांनी ठरवलंय आणि घरात एक नातू डावखुरा निघाल्यापासून तो सिद्धान्त पक्का झालाय. त्या नातवाच्या २०२३च्या श्रावणातल्या बारशाच्या पत्रिकेवर नानांनी साल सुहूर सनात छापलं: अर्बा अशरीन अर्बा मया व अलफ. निम्मे पाहुणे आलेच नाहीत. त्यांना वाटलं, बारसं कुठल्या तरी दर्ग्यात आहे.

पुढे नानांच्या हाती जे लागत गेलं त्यात पराक्रम फारसा नव्हता. एका पूर्वजाने शेजाऱ्याचा बांध कोरला, त्याचा निवाडा. दोघा भावांचं वाटणीपत्र: तांब्याचं घंगाळ थोरल्याला, गाय धाकट्याला, ओढ्याकाठच्या आंब्यात दोघांचा निम्मा निम्मा. एक जण विहिरीच्या पाळीवरून कोर्टात गेला, एकाने बायकोचे दागिने गहाण टाकले. मधल्या दोन पिढ्यांचं मात्र नावनिशाण नाही. नाना हैराण झाले. नाशिकला जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वहीतून एकाचं नुसतं नाव मिळालं, पुढे काही नाही. शेवटी त्यांना उलगडा झाला: ती दोन माणसं गुण्यागोविंदाने राहिली. कर्ज नाही, वाटणी नाही, मारामारी नाही. “नालायक लेकाचे,” नाना म्हणाले, “एक कागद मागे ठेवला नाही!” तेव्हापासून त्यांच्या लेखी पूर्वजांची प्रतवारी उलटी झाली. जो जास्त भांडला तो थोर. इनाम कमिशनवरही त्यांचा राग आहे, पण वेगळ्या कारणाने. १८५२च्या कायद्यानंतर त्या कमिशनने इनामदारांकडून सनदा आणि वंशावळी मागवल्या, म्हणून त्या घराण्यांची कुळकथा सरकारी खर्चाने जपली गेली. आमच्याकडे इनाम नव्हतं, तर कुणी विचारलंच नाही.

स्वतःला ते रियासतकार सरदेसायांच्या पंक्तीला बसवतात. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला येऊन राहिले आणि पेशवे दफ्तरातले निवडक कागद त्यांनी पंचेचाळीस खंडांत छापून काढले. “आम्ही दोघं एकाच लाइनीवरचे,” असं नाना सांगतात, आणि रेल्वेपुरतं ते नाकारता येत नाही.

त्यांची भाची बोस्टनकडे असते. तिच्या शेजारणीलाही हेच खूळ. तिकडे वसाहतीच्या काळातली मृत्युपत्रं आणि खरेदीखतं काउंटीच्या कचेरीत नकलून ठेवलेली असतात, त्यावरून लोक घराणी जुळवतात. शेजारणीच्या एका पूर्वजाने जमीन थोरल्याला दिली, गाय धाकट्याला, आणि बायकोला पिसांची गादी व घरातली एक खोली, तीही ती पुन्हा लग्न करीपर्यंतच. भाचीने हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा नाना उभेच राहिले. “अगं, ही तर चोळीबांगडी! आपल्याकडे विधवेला चोळीबांगडीला तुकडा काढून देतात तसंच.” मग त्या बाईने आपला मूळपुरुष ‘मेफ्लॉवर’ बोटीतून १६२० साली उतरल्याचं सांगितलं. नानांनी निरोप धाडला: तुमचे बोटीतून उतरत होते तेव्हा इकडे मलिक अंबरचा धारा बसून वसूलही चालला होता. पण गादीबद्दल आदर आहे, असं पुढे जोडलं.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि नानांच्या ओट्यावर जत्रा भरली. ज्यांनी त्यांना लोकलमध्ये पाहून डबा बदलला होता ते पिशवीभर जन्ममृत्यूच्या नकला घेऊन रांगेत. एकाने आत्याच्या शाळेच्या दाखल्यातलं ‘कु.’ दाखवलं. नाना चष्मा पुसत म्हणाले, “बाळा, ते कुमारी आहे.” पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत. बदल्यात प्रत्येकाला स्वतःच्या मूळपुरुषाचं कर्ज ऐकवलं. मला वाटतं, पैसे परवडले असते.

पाहुणा घरी आला की नाना त्याला घोरावडेश्वराचा डोंगर चढायला लावतात. देवाच्या पाया पडायला नव्हे. वरच्या लेण्यांत ब्राह्मी लेख आहे: धेनुकाकटात राहणारा नांगरकरी उसभणक, त्याची बायको सियगुटणिका, तिने मुलगा नंद याच्यासह हे लेणं दान दिलं. तुम्हीआम्ही दोन हजार वर्षांच्या आसपासचं दगडातलं अक्षर बघून गप्प होतो. नाना धापा टाकत भिंतीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, “बघितलंत? दान देणारी बाई. नवऱ्याचं नाव, गाव, धंदा, सगळं आलं. आणि मुलाला सोबत घेतलंय, म्हणजे वारसाची संमती! आमच्या वाडीत पोराला न विचारता हायवेची जमीन विकतात.” नंदाच्या पुढच्या नोंदी मिळाल्या तर तो आपल्याच भावकीतला निघेल, अशी त्यांना आशा आहे. नांगर दोघांकडेही आहे.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाने स्वतःचं मृत्युपत्र मात्र केलेलं नाही. हमरस्त्यालगत दीड एकर आहे, मुलगे दोन, मुली दोन, आणि २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जितात मुलींचाही बरोबरीचा हिस्सा, हे नानांनीच गावाला समजावून सांगितलेलं. एकुमॅने वकील घरी आणला. वकिलाने सगळं स्वच्छ मांडलं, कुणाला किती, विहीर कुणाची, वाट कुठून. एका सहीचं काम. नाना शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “एवढं चोख लिहून ठेवलं तर पोरं भांडायची नाहीत.”

“तेच तर पाहिजे ना, नाना?”

“आणि भांडली नाहीत तर कागद व्हायचा नाही. शंभर वर्षांनी एखादा पणतू दफ्तरात गेला, तर त्याला मी सापडणार कुठे?”

वकील काकूंकडे बघायला लागला. काकू कपबशा उचलत म्हणाल्या, “तुम्ही करा तयार. सही मी करते, इतर हक्कातून.”