पापलेटाचं प्रायश्चित्त

आमच्या वसईत उपवासकाळ लागला की माझ्यातला वकील जागा होतो. एरवी मी धर्माच्या बाबतीत गरीब माणूस. देव एक आणि व्यक्ती तीन, हे गणित मला शाळेपासून सुटलेलं नाही, तरी मान्य आहे. मिस्सेत भाकर आणि द्राक्षरस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, तिथे मी हूं की चूं न करता गुडघे टेकतो. पण मटण खाऊ नकोस म्हटलं, की कलम दाखवा म्हणावंसं वाटतं.

कलम आहे. 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपासाचे दिवस. वयाची 18 पूर्ण झाली की उपास लागू, साठावं लागलं की सुटका. मांसवर्ज्य मात्र 14 पूर्ण झाल्यापासून थेट मरेपर्यंत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात; त्यातले 6 रविवार वजा केले की येशूने अरण्यात काढले तेवढे 40 उरतात. धार्मिक माणूस ते 40 दिवस मोजतो. मी ते 6 रविवार मोजतो.

यंदाही फादरांनी गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळाला लावली, तू मातीचा आणि मातीतच जायचास याची आठवण करून दिली, आणि मी घरी येऊन पळवाटा शोधायला बसलो. उपासाच्या दिवशी एक पूर्ण जेवण चालतं, शिवाय दोन वेळा थोडंसं खाता येतं. मात्र ही दोन्ही मिळून त्या जेवणाएवढी होता कामा नयेत, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. मी दुपारचं जेवणच दीडपट केलं. आपोआप सकाळ-संध्याकाळची मर्यादा वाढली. "तुमच्यात साबुदाणा चालतो का हो?" शेजारच्या काकूंनी विचारलं. धर्मसंहिता साबुदाण्याबद्दल गप्प आहे, म्हणून मी वाटीभर खिचडीही घेतली. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आता दोन्ही धर्मांना लागू झाली.

खरी बहार शुक्रवारी. मांस वर्ज्य, पण मासे चालतात. हा नियम रोमने केला तेव्हा वसईचा मासळीबाजार कुणी पाहिला नसावा. पहिल्याच शुक्रवारी मी तळहातापेक्षा मोठी दोन पापलेटं आणली. बायकोने हिरवं वाटण चिरांमध्ये बोटाने दाबून भरलं, रव्यात घोळवून तव्यावर सोडली. कडा कुरकुरीत झाल्या, वास पायरीपर्यंत गेला. आईने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्याला त्याग म्हणतात व्हय रे?" मी कलम सांगितलं. तिने जपमाळ हातात घेतली, बहुधा माझ्यासाठीच.

तेवढ्याने मन खाऊ लागलं, म्हणून मी चहाही सोडला. डोकं ठणकायला लागलं. मी मुलावर, इस्त्रीवाल्यावर, लोकलच्या वेळापत्रकावर खेकसू लागलो. प्रायश्चित्त माझं, भोगत होतं घर. रविवार त्या 40 दिवसांत धरत नाहीत, म्हणून रविवारी आठवड्याभराचा चहा एका दमात वसूल करायचो आणि रात्री ॲसिडिटीने उठून बसायचो.

शेवटी पापनिवेदनाला गेलो. तिथे ऐकलेलं फादर प्राण गेला तरी बाहेर सांगू शकत नाहीत. माझ्यावर ते बंधन नाही, म्हणून सांगतो. जाळीपलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "चहा प्या. बदल्यात सकाळी घरच्यांशी बोलताना आवाज चढवायचा नाही. आणि मटणाचे वाचलेले पैसे दानपेटीत टाका." उपास, प्रार्थना आणि दानधर्म ही तिन्ही एकत्रच धरायची, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं होतं. तिसरं कलम मात्र माझ्यातल्या वकिलाच्या नजरेतून निसटलं होतं.

घरी येऊन हिशेब मांडला. मटणाचे वाचले त्याहून जास्त पापलेटांवर गेले होते. म्हणजे खरं तर दानपेटीकडूनच माझं येणं निघत होतं. बायकोने ती वही वाचली, काही न बोलता माझ्या पाकिटातून पाचशेची नोट काढली आणि पेटीत सरकवली. त्या शुक्रवारी ताटात वरणभात आणि पालेभाजी होती. त्यावर कुठलंही कलम चाललं नाही.

वकील अजून मेलेला नाही. महासण शुक्रवारी आला तर मांसाची बंदी त्या दिवसापुरती उठते, आणि 2027 साली संत जोसेफचा सण, 19 मार्च, शुक्रवारी येतोय. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. बाकी, उपवासकाळात वसईच्या बाजारात पापलेट महाग मिळालं तर कोळिणीला बोल लावू नका. आमच्यापैकी कुणीतरी पापक्षालन करत असतो.