आधी पोहोचवा, मग सुशोभीकरण करा

राष्ट्रीय महामार्ग ५३ गुजरातेतल्या हझिरा बंदराकडून निघतो आणि ओडिशातल्या पारादीप बंदराला जातो. दोन्ही टोकांना समुद्र, वाटेत आपलं मुक्ताईनगर. जुन्या माणसांचं एदलाबाद. रात्रंदिवस ट्रक धावतात, एका किनाऱ्याचा माल दुसऱ्या किनाऱ्याला बिनबोभाट पोहोचतो. कोथळीला संत मुक्ताईच्या पायांवर डोकं ठेवायला आलेल्या माणसाला मात्र शेवटच्या काही किलोमीटरसाठी दहा जणांना विचारावं लागतं.

रेल्वेचंही तेच. भुसावळपुढे लोहमार्ग फाटतात. एक बोदवड, मलकापूर करत नागपूरकडे जातो, दुसरा रावेर, बऱ्हाणपूर करत खंडव्याकडे. मुक्ताईनगर बरोब्बर या बेचक्यात. दोन्हीकडून गाड्या जातात, गावाला स्टेशन नाही. मुंबई-पुण्याकडच्याने भुसावळला उतरायचं, विदर्भातल्याने मलकापूरला, आणि पुढे एसटी धरायची. इथवर माणूस येतो. खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

गेल्या एकादशीला रस्त्याच्या कडेला बीडकडच्या दोन म्हाताऱ्या बाया उभ्या होत्या. कोथळीचं दर्शन झालेलं, चांगदेव राहिलेलं. “भाऊ, चांगदेवची गाडी कवा हाय?” एक म्हणाला, आत्ताच गेली. दुसरा म्हणाला, आता दुपारनंतर. तिसऱ्याने सांगितलं, मावशी, स्पेशल रिक्षा करा. तिघांनीही आपुलकीनेच सांगितलं, पण खात्रीने कुणालाच सांगता आलं नाही. एकीने पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या, पुन्हा गाठ मारली. दोघी परतीच्या गाडीत बसल्या.

दोघींचं एसटीचं तिकीट अर्धं होतं. मार्च २०२३ पासून बायांना ती सवलत आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. चांगलं केलं सरकारने. मुक्ताईला येणाऱ्यांत म्हाताऱ्या बायाच जास्त, त्यांना याचा मोठा आधार आहे. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. गाडी कुठून, किती वाजता सुटते हेच कळलं नाही तर ती सवलत काय कामाची?

आणि चांगदेव सोडून कसं चालेल? योगसिद्धीचा एवढा दबदबा असलेले चांगदेव मुक्ताईच्या पायाशी बसले, कोवळ्या वयाच्या मुलीला त्यांनी गुरू केलं, अशी आपली परंपरा सांगते. गुरू कोथळीला, शिष्य तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेव गावी. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंतची यात्रा याच दोन ठिकाणी भरते. मेहूणलाही मुक्ताईचं स्थान आहे. ही सगळी ठिकाणं एका तालुक्यातली, एका दिवसात पायाखालून जातील अशी. त्यांना जोडणारी ठरलेली फेरी हवी: भुसावळ रेल्वे स्टेशन, मुक्ताईनगर, कोथळी, चांगदेव, आणि त्याच वाटेने परत.

“रोज प्रवासी मिळणार नाहीत,” असं कुणी म्हणेल. मान्य. रोज नका सोडू. महिन्याला दोन एकादश्या येतात आणि पंचांग वर्षभर आधी छापून येतं. आपली गर्दी अंदाजाची नाही, तिथीची आहे. लग्नाचे मुहूर्त पाहून मंगल कार्यालयवाले तयारीला लागतात, तर तिथी पाहून बसफेऱ्या का लागू नयेत? एकादशी, दशमी आणि रविवार, एवढ्यापासून सुरुवात करा. शेवटची परतीची गाडी किती वाजता, हे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. मराठीत आणि हिंदीतही लिहा, कारण बऱ्हाणपूरकडून इच्छापूरमार्गे येणारा भाविकही आपलाच पाहुणा आहे. रिक्षाचे सीटचे दर आणि स्पेशलचे दर त्याच फलकावर असू द्या. रिक्षावाल्यांचाही त्यात फायदा आहे. घासाघीस वाचली की माणूस भरवशाने बसतो.

आता सुशोभीकरण. तीर्थक्षेत्राचा विकास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी कमान येते, मग रंगीत दिवे, मग फरशी. चांगदेवचं दगडी मंदिर केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८च्या कायद्यात २०१०ला झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी घ्यावी लागते. हा कायदा म्हणजे अडथळा नव्हे, देवळाचं कवच आहे. सिमेंटचा मंडप नको, कडुनिंब आणि वड लावा. खांबांवरचं कोरीवकाम पाहायला आलेल्याला तेवढी सावली पुरते. आणि पाहुण्यांनीही त्या दगडावर तेल, शेंदूर, खडूने लिहिलेली नावं यातलं काही ठेवून जाऊ नये.

सावलीचा मुद्दा हौसेचा नाही. मुक्ताई अंतर्धान पावली ती तिथी वैशाख वद्य दशमी, शके १२१९, म्हणजे इसवी सन १२९७. तो सोहळा दरवर्षी मे महिन्याच्या आसपास येतो, जेव्हा भुसावळचा पारा पंचेचाळीसला शिवतो. त्या उन्हात सत्तरीची बाई अनवाणी रांगेत उभी राहते. तिला आधी पिण्याचं पाणी द्या, टेकायला बाक द्या, स्वच्छ संडास द्या. संगमावर अंघोळ करणाऱ्या बायांना लुगडं बदलायला आडोसा द्या. कमानीचा खर्च याच्यानंतर.

संगमावर आणखी एक काळजी. हतनूर धरणाचं फुगवट्याचं पाणी इथपर्यंत येतं. वरून तळ्यासारखं निवांत दिसतं, पण बाहेरगावच्या माणसाला खोलीचा अंदाज येत नाही. घाटावर दोर आणि धोक्याची खूण असावी, पोहणारे गडी ठेवावेत आणि जाकीट घातल्याशिवाय नावेत कुणाला बसवू नये. एक जीव गेल्यावर बैठक घेण्यात काय हशील?

हे सगळं आपण का करायचं? कारण पंढरीला जाणाऱ्या मानाच्या सात पालख्यांत आपल्या मुक्ताईची पालखी आहे, आणि तिची वाट फार लांबची आहे. बुलढाणा, जालना, बीड जिल्ह्यांतली गावं महिनाभर आपल्या वारकऱ्यांना सांभाळतात. दारात पाण्याचा हंडा भरून ठेवतात, पिठलं-भाकरी वाढतात, शाळेच्या खोल्या मोकळ्या करून देतात, चिखलाने फुटलेले पाय शेकून देतात. कुणी ओळख विचारत नाही. मुक्ताईचा माणूस आला, एवढं पुरतं.

त्या दोन बाया त्याच बीडकडच्या होत्या. त्यांच्या गावात आपल्याला वाट विचारावी लागत नाही, लोक वेशीवर येऊन हाताला धरून नेतात. हे ऋण फेडायला कोटींचा आराखडा लागत नाही. सुरुवातीला एक फलक आणि तिथी पाहून सुटणाऱ्या दोन फेऱ्या, बस्स. येत्या वैशाखाच्या आत हे झालंच पाहिजे. ग्रामस्थ, दिंडीवाले, दुकानदार, रिक्षावाले, सगळ्यांनी मिळून मागितलं तर होईल.