साडेचार गुणिले त्र्याऐंशी

माझ्या कॉम्प्युटरमधली ३२०० ची रॅम गेली तीन वर्षं २१३३ वरच चालते आहे, असा शोध परवा भाच्याने लावला. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केल्याशिवाय ती आपला खरा वेग दाखवतच नाही म्हणे. मला तिच्याबद्दल आदरच वाटला. विचारल्याशिवाय अंगचे गुण न दाखवणारी माणसं आता उरलीत कुठे?

भाच्याने वेग वाढवला आणि रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली. "मामा, प्रोसेसरला झेपलं नाही तर मशीन बहुतेकदा सरळ अडकतं. रॅम मात्र न अडखळता चुकीचं सांगते." म्हणजे आमच्या थोरल्या मावशीसारखी.

त्याला काय ठाऊक, की हे धंदे आम्हीही केलेत! रे रोडकराला खरं तर वेगाचं अप्रूप नसावं. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला आमच्या दारावरूनच कुर्ल्याला गेली. तरी आमची हार्बर लोकल मनात येईल तिथे उभी राहते ती राहतेच. पण १९९९ च्या मे महिन्यात मला हुक्की आली. घरात इंटेलचा सेलेरॉन ३००ए होता, स्वस्तातला. त्याचा गुणक साडेचारवर कुलूपबंद आणि बसचा वेग ६६. साडेचार गुणिले ६६, झाले जवळजवळ तीनशे मेगाहर्ट्झ. गुणकाला हात लावता येत नसे, पण ६६ चे १०० करता येत. मग तीच चिप साडेचारशेवर! लॅमिंग्टन रोडवर जो तो आपलीच चिप कशी निमूट चालते ते सांगायचा.

माझी निमूट नव्हती. म्हणून व्होल्टेज २ चं २.२ केलं. इथे गोम आहे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे दहा टक्क्यांचे एकवीस टक्के होतात. वर वेग दीडपट. सगळं मिळून ऐंशी टक्के जास्त ऊब, तीही मुंबईच्या मे महिन्यात! मी डब्याची बाजू उघडली आणि घरातला एकुलता टेबलफॅन त्यावर रोखला. चिप थंडावली; दारूखान्याकडची धूळही आत जाऊन बसली.

मिळवलेल्या वेगाचं मी करत काय होतो? सोसायटीचे हिशेब आणि पत्रं. पत्राचा कोरा कागद इतक्या झटकन उघडायचा, की काय लिहायचं ते ठरलेलंच नसे.

चौथ्या दिवशी आई पदराने वारा घेत समोर उभी राहिली. "आम्ही इथे घामाने निथळतोय, आणि वारा त्या खोक्याला?"

६६ आणि १०० च्या मध्ये ८३ चीही सोय होती. साडेचार गुणिले ८३, पावणेचारशेला एक-दीड कमी. व्होल्टेज परत दोनवर आणलं, डबा बंद केला, आणि पंखा आईकडे वळवला.