घोड्यापाठोपाठ

जून उजाडला की पुण्यातले बरेच आजी-आजोबा लंडनला लेकाकडे असतात. पहिल्या आठवड्यात म्युझियमं उरकतात. तिसऱ्या आठवड्यात सूनबाई एखादा ‘गायडेड वॉक’ बुक करून देते. तेवढीच शनिवारची सकाळ घर शांत.

यंदा अण्णांच्या वाट्याला रीजंट्स कॅनॉल आला, लिटल व्हेनिस ते कॅमडेन. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कालव्याच्या कडेने चालणं म्हणजे साइट व्हिजिट, तेव्हा टीए-डीएचं काय, हा त्यांचा पहिला प्रश्न.

गाइडबाई छत्री उंच धरून निघाल्या. पॅडिंग्टन ते लाइमहाउस, सुमारे १४ किलोमीटर, १८२० साली पूर्ण. ही कल्पना मुळात मांडली थॉमस होमरने. कालव्याच्या कंपनीने त्यालाच सुपरिंटेंडेंट नेमलं आणि १८१५ साली तो कंपनीचेच पैसे खाताना सापडला. अण्णांनी ओळखीची मान डोलावली. पुढे त्याला सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे ऐकून मात्र ते जागीच थबकले. “म्हणजे चौकशी पूर्ण झाली?”

पायाखालची वाट माणसांसाठी नव्हतीच. ती नाव ओढणाऱ्या घोड्यांची. मेडा हिलच्या बोगद्यात तीही संपते. घोडा टेकडीवरून ऐटीत चालत जायचा आणि नावाडी अंधारात उताणे पडून भिंतीला पाय लावत नाव ढकलायचे. घोडा पाण्यात पडलाच, तर वर यायला त्याच्यासाठी काठाला उतारही ठेवलेले. माणसाने आपलं बघावं. आता तर मागून सायकलवाले घंटी वाजवत त्यालाच काठाकडे रेटतात.

मॅकल्सफील्ड पुलाशी घोळका थांबला. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे दारूगोळा नेणाऱ्या नावेचा इथे स्फोट झाला. नावेवरचे तिघे गेले, पूल उडाला. नवा पूल त्याच बिडाच्या खांबांवर उभारला, फक्त खांब फिरवून. त्यामुळे दोराने पडलेल्या खाचा दोन्ही अंगांना आहेत, जुन्या विहिरीच्या काठाला असतात तशाच. घोळक्यातल्या एका काकूंनी खाचेत करंगळी घालून पाहिली. अण्णा म्हणाले, “मटेरियल जुनं, बिल नव्याचं लावलं असणार.”

कॅमडेन येईपर्यंत अण्णा काठावरची बिळं शोधत होते. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात मुठा उजवा कालवा फुटला, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरलं, आणि उंदीर-घुशी-खेकड्यांनी भराव पोखरल्याचं खुद्द मंत्र्यांनी सांगितलं. ते अण्णांच्या मनातून जात नव्हतं.

“इथे उंदीर आहेत?”

“भरपूर.”

“खेकडे?”

थेम्समध्ये चिनी खेकडे आहेत आणि ते काठ पोखरतात, असं बाईंनी सांगितल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. तिथल्या तिथे बाकावर बसून त्यांनी निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर हे टाकलं. चार अंगठे आले. मग एका माजी साहेबांनी लिहिलं, “तरी दोनशे वर्षं टिकला कसा?”

अण्णांनी फोन खिशात घातला आणि चहा कुठे मिळतो, ते विचारलं.