सिस्टर सुट्टीवर

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या वाडीत तीन प्रकारची माणसं उतरतात. मुंबईचे चाकरमानी, पुण्याचे कंपनीवाले आणि सिस्टर. पहिले दोन आल्याचं त्यांच्या सामानावरून कळतं. सिस्टर आल्याचं वासावरून कळतं. ओटीवर पाऊल ठेवायच्या आधी ती पिशवीतून एक बाटली काढते आणि तळहात, पंज्याची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे असं क्रमवार चोळत उभी राहते. तोवर पाया पडून घ्यायला आलेली आजी हात वर करून ताटकळते. यंदा तर आजीनं आशीर्वाद द्यायच्या आधी स्वतःच हात पुढं केला. "घाल बाई माझ्याही हातावर. तीर्थ म्हणून."

सिस्टर म्हणजे माझी पुतणी. तिला नाव आहे, बारशाला आत्यानं कानात कुर्र करून सांगितलेलं आहे, पण बी.एस्सी. नर्सिंगला मिरजेत प्रवेश घेतला त्या दिवसापासून ते रेशनकार्डापुरतं उरलं. अजून ती तिसऱ्या वर्षाला आहे, चौथं जायचंय, पण वाडीला तेवढा धीर कुठला? आणि हे तिचं एकटीचं चित्र नव्हे. नर्सिंगला गेलेली मुलगी हल्ली आमच्याकडे वाडीगणिक एखादी तरी सापडते, आणि मी पाहिल्या त्या सगळ्या साच्यातून काढल्यासारख्या. नखं कापलेली. केस जाळीत. खिशात पेन, आणि ते कुणी मागितलं तर परत येईपर्यंत त्या माणसावर नजर. जेवण सात मिनिटांत. चालणं असं, की मागून बघणाऱ्याला वाटावं कुठंतरी काहीतरी बिघडलंय.

बाकीची माणसं वर्षाची खबरबात गोष्टीसारखी सांगतात. 'अगो, काय सांगू तुला' इथून सुरुवात, मधे दोनदा चहा, आणि मूळ मुद्दा पाहुणा उठून चपला घालताना. सिस्टर हँडओव्हर देते. वॉर्डात पाळी बदलली की जाणारी नर्स येणारीला बेडगणिक सांगते: कोण, कशानं आला, काय केलं, काय करायचं राहिलं. भावनेला रकाना नाही. आमच्या सिस्टरनं पहिल्याच रात्री पडवीत बसून आख्खं वर्ष असंच आमच्या ताब्यात दिलं.

"वर्षात तीन जागा बदलल्या," ती म्हणाली. "हॉस्टेलचं काम निघालं, म्हणून बाहेर पडलो. पहिली रूम स्टेबल होती, मालकीणबाई अनस्टेबल. दुसरी पावसात गळायला लागली. बादली लावून ऑब्झर्वेशनखाली ठेवली, आठ दिवसांत सुधारणा नाही, म्हणून डिस्चार्ज घेतला. तिसरी चालू आहे."

मालकीणबाईंचं काय झालं ते मी खोदून काढलं. या घरमालक मंडळींना नर्सिंगच्या मुली भाडेकरू म्हणून फार आवडतात. साखर तपासायला, सासूबाईंना इंजेक्शन द्यायला घरचं माणूस मिळतं. फक्त त्यांनी नाइट ड्युटी करू नये, एवढीच माफक अपेक्षा. "आमच्याकडे मुली साताच्या आत घरात असतात," असं मालकीणबाईंनी सांगितल्यावर सिस्टर म्हणाली होती, "मीपण सातच्या आतच येणार, काकू. सकाळच्या." तिथं बोलणं संपलं. एक ट्रंक, एक गादी, दोन बादल्या आणि जर्नलांचा एक गठ्ठा असा संसार रिक्षात भरून ती भर उन्हात गावभर फिरली. रिक्षावाला गठ्ठा उचलताना म्हणाला, "ताई, ह्यात फरशी हाय काय?"

आता प्रवास. मिरज-कोल्हापूर-मलकापूर-आंबा घाट-साखरपा-देवरूख हा रस्ता तिला इतका पाठ आहे, की कुठल्या वळणावर कुठल्या वयाच्या प्रवाशाला उलटी होते हे ती डोळे मिटून सांगते, आणि पिशवी आधीच पुढं करते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ते सरकारनं आपल्या नातीसाठीच काढलं अशी आजीची प्रामाणिक समजूत आहे.

पण यंदाच्या एका प्रवासानं घरात हलकल्लोळ माजला. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी तिच्या बॅचला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पाठवलं. तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "आजी, मला तीन आठवडे रत्नागिरीला पाठवलंय." आता, आमच्या भागात माणसाला 'रत्नागिरीला पाठवणं' याचा अर्थ एकच. आजीनं फोन ठेवला आणि देवापुढं बसली. "अभ्यासानं झालं हो," ती शेजारच्या अण्णांना म्हणाली. "मी सांगत होते, मुलीच्या डोक्याला एवढा ताण नको." अण्णांनी ही बातमी संध्याकाळपर्यंत विश्वासानं फक्त अकरा घरांत सांगितली.

"तिथं एक मावशी होत्या," सिस्टर पडवीत सांगत होती. "रोज मला विचारायच्या, तू कधी ॲडमिट झालीस? मी म्हटलं, पंधरा दिवस झाले. तर म्हणाल्या, चांगली दिसतेस, लवकर सोडतील. शेवटच्या दिवशी मी निघाले तर सगळ्यांना सांगत सुटल्या, बघा, मी म्हटलं होतं ना!" मग जरा थांबून म्हणाली, "त्यांच्याकडे मात्र कुणी येत नव्हतं." आणि पुढच्या बेडवर गेली.

पुढचा बेड म्हणजे लेबर रूम. पहिलं बाळंतपण बघताना सिस्टरला घेरी आली आणि कळा देणारी बाईच म्हणाली, "कुणीतरी त्या पोरीला पाणी द्या रे." बाई सीमेपलीकडची होती, तेवढं एक वाक्य मात्र मराठीत. मिरज तंतुवाद्यांचं गाव तसंच दवाखान्यांचं. कर्नाटकातून पेशंट येतात, त्यामुळं सिस्टरला 'नोवु एल्लिदे', म्हणजे कुठं दुखतंय, आणि 'ऊट आय्ता', म्हणजे जेवण झालं का, एवढं कन्नड येतं. तेवढ्यावर ती म्हणे सबंध रात्रपाळी काढते. मला वाटतं, एवढ्यावर संसारही निघेल.

जन्मलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाला दहापैकी मार्क देतात, त्याला अपगार म्हणतात, हे तिनं सांगितल्यावर पडवी सावरून बसली. आपल्याकडे बालवाडीपर्यंत तरी थांबतात. इथं जन्मल्याबरोबर परीक्षा आणि पाचव्या मिनिटाला फेरपरीक्षा. श्वास, ठोके, हालचाल, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकी दोन.

"मग दहापैकी दहा पडतात का कुणाला?" दादानं विचारलं. बाप म्हणून त्याला निकालातच रस.

"पहिल्या मिनिटाला सहसा नाही. हातपाय निळसर असतात ना, रंगाचा एक मार्क जातो."

"म्हणजे तिथंही रंगावरूनच कापतात मेले!" वहिनी म्हणाली. तिला दोन मुली आहेत आणि थोरलीच्या लग्नाचं चाललंय.

मुलांच्या वॉर्डाचं मात्र तिनं भराभर उरकलं. बेड चार, जुलाब, बरा होऊन गेला. बेड पाच, भाजलेला हात, ड्रेसिंगला गाणं म्हणावं लागायचं. बेड सहा, दमा, आई दिवसभर मोबाईलवर. "बेड सात," ती म्हणाली, थांबली, आणि "बेड आठ, न्यूमोनिया" म्हणून पुढं निघून गेली. वहिनीनं न विचारता तिच्या ताटात भात वाढला. मग नाइटिंगेलबाईंची जयंती आली, १२ मे. "ज्यांना सुट्टी होती त्या भाषणं ऐकायला गेल्या. परिचारिकेचा त्याग वगैरे. आम्ही ड्युटीवर होतो, त्यामुळं आम्हाला त्यागाबद्दल काही कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी गणपती बसला आणि सिस्टरचा दवाखानाही. पूर्वी लोक आमच्याकडे दर्शनाला येत. आता बीपी बघायला येतात आणि जाता जाता दर्शन घेतात. आरतीची ताटं एका बाजूला, पट्टा एका बाजूला. सिस्टरचे नियम कडक: आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या पातळीला, आणि बोलायचं नाही. यातली शेवटची अट आमच्या वाडीत पाळली गेल्याचं एकही उदाहरण नाही.

"दीडशे-नव्वद," सिस्टर म्हणाली.

"दीडशे? देवाच्या दारात?" अण्णा.

"अण्णा, बोलू नका. परत घेते."

"मी कुठं बोलतोय? मी फक्त विचारतोय, की काल त्या जमिनीच्या मोजणीला..."

"एकशे साठ."

यंत्र काय लिहून देत नाही, आणि सिस्टरही देत नाही. "गोळी मी सांगायची नसते, डॉक्टरांना दाखवा," हे तिचं उत्तर लोकांना अजिबात पटत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून तीन वर्षांचे रिपोर्ट काढून बसलेल्या माणसाला हा चक्क विश्वासघात वाटतो. मग ठरलेला प्रश्न येतो: "एवढं शिकतेयस, तर डॉक्टरच का नाही झालीस?" यावर ती काहीच बोलत नाही. मी नीट बघितलंय, पुढच्या खेपेला ती फुगा जरूर असते त्यापेक्षा जरासा जास्त फुगवते.

घरात तर तिनं तीन दिवसांत वॉर्ड मांडला. चादरींचे कोपरे लिफाफ्यासारखे दुमडले. आमच्या चुलत्यांना अंथरुणात शिरताच येईना, शेवटी ते वरूनच झोपले. मोरीजवळ चार बादल्या आल्या, पिवळी, लाल, पांढरी, निळी. २०१६ च्या नियमाप्रमाणे दवाखान्याचा कचरा असाच वेगळा करतात म्हणे: मळलेली ड्रेसिंगं पिवळीत, नळ्या न् प्लास्टिक लालमध्ये, सुया पांढऱ्यात, काच निळ्यात. वहिनी निर्माल्याची परडी घेऊन चारही बादल्यांपुढं उभी राहिली आणि तिनं हाक मारली. सिस्टर आली, बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली, "हे सिलॅबसमध्ये नाहीये."

धाकटा भाऊ सकाळी उठत नव्हता तर तिनं त्याचा ग्लासगो काढला. बेशुद्ध माणूस किती बेशुद्ध आहे हे मोजायची ही पट्टी, तीनपासून पंधरापर्यंत. "हाक मारल्यावर डोळे उघडले, तीन. बोलणं नाही, नुसता हुंकार, दोन. कान पिरगाळल्यावर हात बरोबर तिथं आला, पाच. एकूण दहा. आठला आला की घशात नळी घालायची असते." तो ताडकन उठून बसला. "आता पंधरा," सिस्टर म्हणाली.

माझ्यावर तिनं केअर प्लॅन लिहिला. नर्सिंगमध्ये रोगाचं निदान डॉक्टरांचं, पण माणसाचं निदान नर्सचं असतं, आणि त्याचं व्याकरण ठरलेलं: अमुक अडचण, तमुकशी निगडित, ढमुकवरून सिद्ध. माझं निदान तिनं फ्रिजवर चिकटवलं: 'ज्ञानाचा अभाव, मधुमेहाच्या आहाराशी निगडित, पाचव्या मोदकावरून सिद्ध.' उद्दिष्ट: काका दोनावर थांबतील. मूल्यमापन: विसर्जनानंतर. येणारा-जाणारा ते वाचून जोडीनं मूल्यमापन करायचा.

आणि हे सगळं चालू असताना तिचा एक कान मोबाईलला. जर्मन शिकतेय. २०२४ मध्ये आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत, तेव्हापासून तिच्या बॅचमधल्या मुली इंजेक्शन भरताभरता 'गुटन मॉर्गन' म्हणतात. आजीला कळेना. "मग तिथं जर्मन लागतं?" "हो आजी, त्याशिवाय नाहीच घेत." आजी आत गेली, माळ्यावर बराच वेळ खुडबुड झाली, आणि दोन मोठी जर्मनची पातेली घेऊन आली. "ही ने. पितळेची जड होतील विमानात."

गौरी जेवल्या त्या रात्री मला दोनच्या सुमाराला जाग आली. खोटं कशाला बोलू, जाग आली नव्हती, मी जागाच होतो. माजघरातून पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो. चाळणीत मोदक होते. तेवढ्यात पलीकडे उजेड हलला. सिस्टर मोबाईलची बॅटरी धरून एकेका अंथरुणाशी थांबत होती. वाकायची, बघायची, पुढं. आजीच्या गादीशी जरा जास्त वाकली.

"जित्ती आहे गो मी," अंधारातून आजीचा आवाज आला. "झोप जा."

"तसं नाही आजी. दोनला राउंड असतो. आपोआप जाग येते."

मग उजेड स्वयंपाकघराच्या दारात आला आणि माझ्या हातावर थांबला.

"कितवा?"

"सहावा," मी म्हटलं. लपवण्यात अर्थ नव्हता, तूप मनगटापर्यंत आलं होतं.

मला वाटलं, आता फ्रिजवर दुसरा कागद लागणार. पण तिनं बॅटरी विझवली, चुलीशी येऊन बसली, चाळणीतला एक मोदक उचलला आणि नुसताच हातात धरला. बाहेर पागोळ्यांचा आवाज येत होता. सात मिनिटं कधीच उलटून गेली.

"काका," ती म्हणाली, "बेड सात सांगायचा राहिला."

मी हातातला मोदक चाळणीत ठेवला आणि तिच्याकडे पाट सरकवला.